भिजलेल्या ज्वारीचे काय करावे?

चारठाणा हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील जुने गाव. तेथील हेमाडपंती मंदिरे व दगडी शिल्पे पाहण्यास दूरदूरचे अभ्यासक येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही तेथे गेलो, ते मात्र एका परिचित शेतकरी कुटुंबाची गाय पाहण्यासाठी. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत परतीचा व अवकाळी पाऊस थांबला नव्हता. राज्यभर काढणीला आलेली पिके शेतात सडली, मक्याच्या कणसांना उभ्या ताटावर मोड आले, आणि खरिपाची ज्वारी कोळशासारखी काळी पडली. ह्या घरची गाय आठ दिवसांपासून वैरण टाकत होती व दूध निम्म्यावर आले होते.

गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली मळलेल्या ज्वारीचा ढीग होता. घरधन्याने आम्हाला त्यात हात घालून पाहावयास सांगितले. कोपरापर्यंत हात आत गेला आणि आम्ही तो चटकन बाहेर काढला. आतील दाणा तापलेला होता. हाताला ओलसर, कुबट वास लागला तो परतीच्या प्रवासभर गेला नाही. “फादर, ह्या ज्वारीची भाकरी कडू लागते. पोरं तोंडात धरीत नाहीत. म्हणून गाईला भरडून घालतो,” असे तो म्हणाला. त्याची वृद्ध आई उंबऱ्यावर बसली होती. ती एवढेच म्हणाली, “जे लेकराला चालत नाही, ते गाईला कसं चालंल? तिचंच दूध लेकरू पितंय की.”

त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितले, ते सिद्ध करण्यासाठी शास्त्रज्ञांना बरीच वर्षे खर्च करावी लागली आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही ते समजावून घेण्याचा प्रयत्न करणार आहोत. ओला दाणा वाळविता येत नसेल, तर तो जनावरांसाठी टिकविण्याचा काही सुरक्षित मार्ग आहे काय, हाही प्रश्न त्यात येतोच. मार्ग आहे, मात्र त्याच्या अटी कडक आहेत, आणि त्या न पाळता केलेला अर्धवट प्रयोग ताडपत्रीखालील त्या ढिगाहून बरा नव्हे.

प्रथम, ही ज्वारी काळी का पडते ते पाहू. आपल्या आजोबांच्या काळातील खरिपाची ज्वारी उंच वाढे आणि दिवस लहान होऊ लागल्यावर, म्हणजे पावसाळा सरत आल्यावर निसवे. तिचा दाणा कोरड्या हवेत पक्व होई. १९६४ साली भारतातील पहिले संकरित ज्वारीचे वाण, सी.एस.एच.-१, प्रसारित झाले. ते ठेंगणे, लवकर येणारे व भरघोस उत्पन्न देणारे होते. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळात ह्या ‘हायब्रीड’ने महाराष्ट्राच्या पोटाला आधार दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण लवकर येणारे वाण पावसातच पिकते. दाणा भरत असताना पाऊस व दमट हवा मिळाली की फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया, अल्टर्नेरिया इत्यादी बुरशी कणसातच घर करतात. कोणी गुलाबी, कोणी काळी, कोणी राखाडी. रब्बीची मालदांडी ज्वारी पांढरीशुभ्र राहते, कारण ती कोरड्या हवेत पिकते.

परभणीला १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक ह्यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने ह्या प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. ‘परभणी श्वेता’ हे तेथील खरीप वाण काळ्या बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. तथापि सतत पंधरा दिवस पाऊस कणसावर पडत राहिला, तर कोणतेही वाण कितीसे टिकणार?

बुरशीचा खरा धोका तिच्या रंगात नाही. काही बुरशी दाण्यात विष सोडतात. बुरशी पुसली, दाणा धुतला, उन्हात घातला, भाजला किंवा शिजविला, तरी त्या विषाचा मोठा भाग तेथेच राहतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी एकाएकी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशी होती. तिच्यातील विषाला अस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीच्या नावावरून ‘अफ्लाटॉक्सिन’ असे नाव पडले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल ह्या आदिवासी भागांत अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी तसाच साठविला आणि खाल्ला. ३९७ जणांना यकृताचा आजार झाला, त्यांतील १०६ दगावले. त्या घरांतील उष्टे खाणारी कुत्रीही मेली. ते मका खाणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्या घरात दुसरे काही नव्हते.

आपल्या दख्खनच्या पठारावर १९९५ मध्ये ह्याचीच सौम्य आवृत्ती घडली. भिजलेली, बुरशीची ज्वारी व मका खाल्लेल्या काही गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर व जुलाब ह्यांची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या धान्यात फ्युमोनिसिन हे फ्युजेरियम बुरशीचे विष असल्याचे दाखविले. कोंबडीच्या पिल्लांना ते धान्य घातले, तेव्हा त्यांनाही जुलाब झाले.

आता गोठ्याकडे वळू. रवंथ करणारे जनावर कोंबडी वा बदकापेक्षा बुरशीचे विष अधिक सोसते, हे खरे. म्हणूनच ‘गाईला काही होत नाही’ असा समज रूढ झाला. परंतु गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश (साधारणतः शेकडा एक-दोन, जास्त दुधाच्या गाईत त्याहूनही अधिक) रूप बदलून दुधात उतरतो. त्याला ‘एम-१’ म्हणतात. खाद्य पोटात गेल्यापासून एका दिवसाच्या आत तो दुधात दिसू लागतो, आणि दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत बहुतांशी नाहीसा होतो. दूध तापवून तो जात नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधातील त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ठरविली आहे. ह्याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले व ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पाणी व भेसळीची चर्चा फार होते. त्या मानाने धोकादायक भेसळीचे नमुने अगदी थोडे निघाले. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा ५.७ मध्ये, एम-१ मर्यादेबाहेर होता, आणि कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या पिशवीबंद दुधात त्याचे प्रमाण अधिक होते. हे विष कोणी दुधात मिसळत नाही. ते गव्हाणीतून येते. चारठाण्याची ती वृद्धा हेच म्हणत होती.

दाण्यातील पाण्याचे गणित

दाणा टिकण्याचे किंवा नासण्याचे सारे रहस्य त्यातील पाण्यात आहे. शंभर किलो ज्वारीत बारा किलो पाणी असेल, तर ती बारा टक्के ओलाव्याची. ह्या ओलाव्यावर बुरशीला जगता येत नाही. आधारभूत किमतीच्या खरेदीत ज्वारी व मक्यासाठी चौदा टक्क्यांची कमाल मर्यादा असते, ती ह्याच कारणाने. योसेफाने मिसर देशात सात वर्षांचे धान्य साठविले, तेव्हा नाईलकाठच्या कोरड्या हवेने अर्धे काम केले होते. आपल्या भाद्रपद-आश्विनात ती सोय नाही.

कणसात दाणा पक्व होतो तेव्हा त्यात तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असते. दाणा कणसातून काढून त्याचे बूड पाहिले, तर तेथे काळा ठिपका दिसतो. मक्याच्या दाण्यातही तो असतो. हा ठिपका आला म्हणजे दाण्याचे भरणे संपले. ताटाकडून त्याला आता काही मिळावयाचे नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस आपण पीक उभे ठेवतो ते केवळ पाणी उडून जाण्यासाठी, आणि ह्याच पंधरा-वीस दिवसांत परतीचा पाऊस गाठतो. म्हणूनच खरीप ज्वारी काळा ठिपका दिसताच कापावी व कणसे आडोशाला वाळवावीत, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. आडोसा असेल व ऊन पडेल, तर ह्यापरते उत्तम काही नाही. हा लेख ज्यांच्याकडे ह्या दोन्ही गोष्टी नसतात त्यांच्यासाठी आहे.

बारा-तेरा टक्क्यांच्या खाली दाणा कोरडेपणामुळे टिकतो. पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान तो दुसऱ्याच रीतीने टिकविता येतो: हवा पूर्ण तोडून, आंबवून. ह्या दोहोंच्या मध्ये, पंधरा ते बावीस टक्क्यांच्या पट्ट्यात, मात्र दाण्याला कोणी वाली नाही. बुरशीला पुरेल एवढे पाणी त्यात असते, पण आंबण्याला पुरेल एवढे नसते. नदीच्या दोन्ही काठांवर माणूस सुरक्षित असतो, बुडतो तो मधल्या धारेत. तसेच हे आहे. चारठाण्यातील तो ढीग नेमका ह्या मधल्या धारेत होता. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, बुरशीही श्वास घेते. त्यातून उष्णता व आणखी पाणी निर्माण होते, ते पाणी वरच्या थरात घाम येऊन बसते, आणि ढीग आपला आपणच तापत जातो. ताडपत्रीने ऊन-पाऊस अडतो, पण हवा धड अडतही नाही व धड खेळतही नाही.

ओलावा मोजण्याचे यंत्र बाजार समितीत असते, घरी नसते. एक साधी युक्ती आहे. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर कोरडे मीठ व तीन-चार मुठी दाणे घालून दोन-चार मिनिटे हलवावे. मीठ बरणीच्या काचेला चिकटले, तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. जुनी माणसे दाणा दाताखाली धरून ‘कट्ट’ आवाज ऐकत, तीही खोटी नव्हेत.

पेव, मुरघास आणि निळे मनोरे

हवा तोडून धान्य राखणे मराठवाड्याला नवे नाही. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली पिढी आता थकली. गावातील उंच, कठीण मुरमाच्या जागी विहिरीसारखे, तोंडाशी अरुंद व पोटाशी फुगीर असे खोदलेले ते बळद. तळाला व कडेला कडबा किंवा भुसा लावीत, आत ज्वारी ओतीत, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपीत. बंद पेवात दाण्याचा व किड्यांचा श्वास प्राणवायू संपवी, कर्बवायू साठे, आणि किडे गुदमरून मरत. ज्वारी वर्षानुवर्षे टिके. तिला एक खास उग्र वास येई. तो आवडणारे आणि न आवडणारे असे गावात दोन पक्ष असत म्हणे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होते. म्हणून तोंड बराच वेळ उघडे ठेवून, मग दोराने पेटता दिवा आत सोडीत. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. परंतु पेवात जाई ती वाळलेली ज्वारी. कडेचा दाणा जमिनीची ओल लागून काळवंडे, तो वेगळा काढावा लागे.

ओले पीक हवेविना टिकविण्याची दुसरी रीत म्हणजे मुरघास. हिरवा मका किंवा ज्वारी दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, दाबून बंद केली की तिच्यातील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेचे आम्ल करतात. आपल्या घरच्या आंबिलीत व दह्यात चालते तेच हे काम. आम्लता पुरेशी वाढली की नासविणारे जंतू थांबतात. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन ह्यांना १९४५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात आम्लाच्या साहाय्याने वैरण टिकविण्याची त्यांची पद्धत मुख्यत्वे गौरविलेली होती. मुरघासाला नोबेलचा मान आहे, हे आमच्या बहुतेक दूध उत्पादकांना ठाऊक नसते!

ह्याच तत्त्वावर अमेरिकेतील गोपालकांनी केवळ ओला दाणा राखण्याची रीत रूढ केली. तेथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस काचेचा मुलामा दिलेले, हवाबंद निळे पोलादी मनोरे उभे राहू लागले. पंचवीस-तीस टक्के ओलाव्याचा मका शेतातून थेट त्यांत जाई. वाळविण्याचे इंधन वाचे, काढणी लवकर होई, आणि आंबलेला दाणा गाईच्या पोटात अधिक चांगला पचतो असे आढळले. ज्वारीच्या बाबतीत हा फायदा विशेष आहे, कारण ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट घट्ट आवरणात असते. तिकडे तर कोरड्या ज्वारीला मुद्दाम पाणी पाजून, तीस टक्क्यांवर आणून, तीन आठवडे हवाबंद ठेवण्याचे प्रयोग झाले. १९७२ च्या दुष्काळात आपल्याला रेशनवर जी लाल ‘मिलो’ खावी लागली, ती मूळची तिकडची गुरांची ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली आहे ते तिची चव विसरलेले नाहीत.

चारठाण्यात निळा मनोरा कोण उभारणार? तशी गरजही नाही. तत्त्व तेवढे घ्यावे.

काळा ठिपका दिसताच, म्हणजे बुरशी चढण्यापूर्वी, कणसे खुडावीत. ही पहिली अट, आणि सगळ्यात महत्त्वाची. आंबविण्याने बुरशी थांबते, पण आधीच तयार झालेले विष नाहीसे होत नाही. काळी पडलेली, कुबट ज्वारी पिशवीत बंद केल्याने गुणकारी होईल अशी आशा कोणी धरू नये. आम्ही हे वाक्य जरा ठासून लिहीत आहोत, कारण चारठाण्याच्या त्या मित्राने आम्हाला प्रथम हेच विचारले होते.

दाणा फुटला पाहिजे. अखंड ज्वारी गाईच्या शेणातून जशीच्या तशी बाहेर पडते. कोंबड्या ती टिपतात, हे कोणत्याही गोठ्यात दिसेल. आता अडचण अशी की गिरणीवाला ओला दाणा घेत नाही, जाती चिकटतात. तेव्हा मळणी न करता सबंध कणसे कुट्टी यंत्रातून बारीक काढणे सोयीचे. मक्याचेही कणीस बुरकुंडासकट चालते. त्यात दाण्याबरोबर थोडा चोथा येतो व तो गाईच्या पोटाला हितकारकच ठरतो. चुरा हातात दाबला असता गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.

दाणा मधल्या पट्ट्यात, समजा वीस टक्क्यांवर, सापडला आणि तो अजून स्वच्छ असेल, वाळण्याचे लक्षण मात्र नसेल, तर उलट दिशेने जावे: पाणी घालावे. वीस टक्क्यांच्या शंभर किलो दाण्यात ऐंशी किलो कोरडा भाग असतो. त्याला तीस टक्क्यांवर आणण्यासाठी सुमारे चौदा लिटर पाणी लागते. भिजलेल्या धान्यात आणखी पाणी ओतावयाचे, हे ऐकून घरातील माणसे आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतील; पण मधल्या धारेतून जवळचा काठ गाठणे असा त्याचा अर्थ आहे.

ह्यानंतर दाबणे व बांधणे. जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर पोते. चुरा थराथराने भरावा, प्रत्येक थर मुठीने व पायाने दाबावा, वरची हवा पिळून काढावी, तोंड पीळ देऊन दुमडून दोनदा बांधावे. सारे एका दिवसात व्हावे. एक छिद्र, मग ते उंदराने पाडलेले असो की कणसाच्या बुडख्याने, सबंध पिशवी घालविते. तीन आठवडे उघडू नये. चांगला माल पिवळसर-तपकिरी, आंबूस व गोडसर वासाचा असतो. कुबट वास, पांढरी वा निळी-हिरवी जाळी, उबदार स्पर्श ह्यांपैकी काहीही आढळले, तर तो भाग खताच्या खड्ड्यात जावा. शेळीला, कोंबडीलाही नको.

पिशवी केवढी असावी, ह्याचा विचार फारसे कोणी करीत नाही, आणि बहुतेक नुकसान तेथेच होते. पिशवी उघडली की हवा आत जाते व आमच्याकडच्या उष्म्यात आंबलेला दाणा दोन-तीन दिवसांत तापू लागतो. मोठ्या गोठ्यात रोज एवढा माल उपसला जातो की नासण्यास अवधीच मिळत नाही. दोन गाई असलेल्या घरी रोज पाच किलो लागत असतील आणि दोनशे लिटरचे पिंप भरून ठेवले असेल, तर महिनाभर ते उघडेच राहणार; अर्धे नासणार. त्याच घरी पंधरा-वीस किलोच्या पिशव्या केल्या, तर प्रत्येक पिशवी तीन-चार दिवसांत संपते. म्हणून गोठ्यातील तोंडे मोजून पिशवी शिवावी. घेतल्यावर पुन्हा तोंड घट्ट आवळावे हे ओघाने आलेच.

प्रोपिऑनिक आम्ल लावून ओला दाणा राखण्याची आणखी एक पद्धत आहे. पावात बुरशी येऊ नये म्हणून ह्याच आम्लाचा क्षार वापरतात. पंचवीस-तीस टक्के ओलाव्याला शंभर किलोमागे साधारणपणे एक किलोच्या आसपास ते लागते. ते त्वचा व डोळे जाळते, तालुक्याच्या ठिकाणी सहजी मिळत नाही, आणि दोन गाईंच्या गोठ्याला परवडतही नाही. पशुखाद्याच्या कारखान्यांनी ते वापरावे. आम्ही ते लहान शेतकऱ्याला सुचविणार नाही.

गव्हाणीत घालतानाही एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. चार किलो कोरड्या दाण्यात जेवढे सत्त्व असते, तेवढ्यासाठी तीस टक्के ओलाव्याचा पाच किलो दाणा द्यावा लागतो, कारण जादा किलो म्हणजे पाणी. दुसऱ्या बाजूने, हा दाणा पोटात लवकर विरघळतो. एकदम जास्त दिला तर पोटात आम्ल वाढून जनावर वैरण टाकते, पातळ हगवण लागते, प्रसंगी दगावते. म्हणून अर्ध्या किलोपासून सुरुवात करून दहा-बारा दिवसांत वाढवावा, सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा, आणि आधी कडबा मग दाणा हा क्रम मोडू नये. लहान वासरांना तो देऊ नये.

ह्यात एक गोष्ट गमवावी लागते, तीही सांगितली पाहिजे. आंबविलेला दाणा बाजारात विकता येत नाही, पेरता येत नाही, त्याची भाकरी होत नाही. एकदा पिशवी बांधली की ते धान्य घरच्या जनावरांचे झाले. ज्या घरात खाणारी माणसे सात व गाय एक, त्यांनी आधी माणसांपुरती कणसे चुलीच्या धगीवर, माळवदाखाली, जमेल तशी वाळवावीत. उरलेल्याचाच हा विचार. आणि ज्यांना ऑगस्टमध्येच वैरणीची चणचण दिसते, त्यांनी दाण्याची वाट न पाहता सबंध ताटाचा मुरघास करणे बरे, असे आमचे मत आहे. कारण पाऊस लांबला तर दाण्याबरोबर कडबाही काळा पडतो, आणि कडब्याविना नुसत्या दाण्यावर गाय जगत नाही. कोवळ्या ज्वारीची किराळ लागण्याची भीतीही मुरघासात पुष्कळ कमी होते.

आज परभणी जिल्ह्यात सोयाबीन, कापूस व तूर ह्यांनी खरीप ज्वारीची बरीच जमीन घेतली आहे. जी ज्वारी उरली आहे ती प्रामुख्याने जनावरे असलेल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात, कडब्यासाठी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात किती रानांचे होत्याचे नव्हते केले, ते आपण सर्वांनी पाहिले. पंचनाम्यात पिकाची नोंद होते. गोठ्यात गेलेल्या काळ्या दाण्याची होत नाही.

चारठाण्याच्या त्या घरी आम्ही पशुवैद्यकांना बोलावून घेतले. त्यांनी ढिगातील दाणा ताबडतोब बंद करावयास लावला, गाईला औषध दिले आणि काही दिवस तिचे दूध मुलांना देऊ नये असे सांगितले. चार दिवसांनी गाय कडबा खाऊ लागली. दूध पूर्ववत होण्यास मात्र बरेच दिवस लागले. ढिगाचे काय करावयाचे ह्यावर घरात दोन दिवस वाद चालला. तो विकला तर थोडेफार पैसे आले असते, घेणाराही दारात उभा होता. शेवटी म्हातारीने स्वतः टोपली उचलली आणि पहिला खेप उकिरड्याच्या खड्ड्यात ओतली. पुढच्या पावसाळ्यात त्या घरी ज्वारीचा काळा ठिपका पाहण्याचे काम नातवाकडे देण्यात आले, आणि गणपती उठायच्या आतच त्याने वीस-वीस किलोच्या नऊ पिशव्या बांधून ठेवल्या. त्यांतील दोन उंदरांनी फोडल्या.